पोत्यातली पिल्ले आणि आपली दया



आजचा विषय काहींना किरकोळ वाटेल. रविवारच्या पत्रिकेत मांजरांबद्दल लिहायचे कशाला, असेही कोणी विचारील. परंतु गल्लीतल्या मांजरांपुढे आपण रोज जे करतो आणि जे करायचे टाळतो, त्यातून आपल्या दयेची परीक्षा होत असते. प्रभूने चिमण्यांचे उदाहरण दिले, तेव्हा तेही ऐकणाऱ्यांना किरकोळच वाटले असेल. दोन पैशांना पाच मिळणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे त्याने सांगितले. देव ज्यांना विसरत नाही, त्यांच्याविषयी घटकाभर विचार करायला हरकत नसावी.

रिसोड हे धान्याचे गाव आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद यांची आवक-जावक इथे चालते. बाजार समिती, अडतीची दुकाने, गोदामे, किराणा दुकानांच्या मागच्या खोल्या, सगळीकडे धान्य. धान्य आले की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर आले. आठवडी बाजार उठल्यावर मागे राहणारी मासळी आणि मटणाची घाण, हॉटेलांच्या मागच्या दाराशी पडणारे उष्टे, यांवरही त्यांची गुजराण होते. ही मांजरे कोणाचीच नसतात आणि सगळ्यांची असतात. त्यांना नाव नसते, पण त्यांच्या येण्याजाण्याची वेळ साऱ्या गल्लीला ठाऊक असते.

मांजर पाच-सहा महिन्यांचे झाले की पिल्ले देण्याजोगे होते. सुमारे नऊ आठवड्यांत भाटी विते. एका वेळी तीन-चार पिल्ले होतात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा असे होऊ शकते. हिशेब ज्याने त्याने करावा. अर्थात ही सगळी पिल्ले जगत नाहीत. मोकाट मांजरांची निम्म्याहून अधिक पिल्ले पहिल्या काही महिन्यांतच भुकेने, रोगाने, गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडून मरतात. म्हणजे आपण काहीच केले नाही, तरी मरण थांबत नाही. ते फक्त आपल्या नजरेआड होते.

तीन जुने मार्ग

गावात या प्रश्नावर तीन उपाय चालत आले आहेत.

पहिला उपाय विषाचा. उंदराचे औषध पोळीत किंवा मासळीत कालवून ठेवायचे. हे औषध मांजराला लगेच मारत नाही. कित्येकदा ते तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस तडफडते. शिवाय विषाला पत्ता कळत नाही. ते शेजारच्या पाळलेल्या मांजराच्या, कोंबडीच्या, कुत्र्याच्या पोटात जाते, आणि रांगत्या लेकराच्या हातीही लागू शकते.

दुसरा उपाय पोत्याचा. पिल्लांचे डोळे उघडायच्या आतच ती पोत्यात घालायची, मोटारसायकलीच्या मागे बांधायची आणि गावाबाहेर, पुलापलीकडे, एखाद्या शेताच्या धुऱ्यावर सोडून यायची.

तिसरा उपाय दुधाचा. दया येते म्हणून दारात वाटी ठेवायची. भाटी खाते, धडधाकट होते, आणि दोन महिन्यांनी त्याच दारामागे चार पिल्ले दिसू लागतात. मग शेजाऱ्यांशी भांडण. मग पुन्हा पोते.

या तिघांत पोते सर्वांत जास्त वापरात आहे. त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. आपल्याकडे जुना समज आहे की मांजर मारणे हे मोठे पाप, ते फेडायला सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते. आपण ख्रिस्ती आहोत, असले समज मानत नाही, असे आपण म्हणतो. पण हा समज मनाच्या तळाशी राहतोच. म्हणून कोणी मांजर मारत नाही. फक्त सोडून येतो. आणि परत आल्यावर म्हणतो, "मी काही मारले नाही. त्याचे नशीब असेल तर जगेल."

हे वाक्य आपल्या ओळखीचे नाही का? पिलाताने पाणी मागवून सर्वांसमोर हात धुतले, तेव्हा तोही असेच काहीतरी म्हणत होता. हात कोरडे झाले, म्हणजे जबाबदारी संपली, असे त्याला वाटले. दूध पिणारी, डोळे न उघडलेली पिल्ले आईवेगळी केली, तर ती मरणार हे सोडणाऱ्याला माहीत असते. परिणाम माहीत असून आपण तो पुलापलीकडे घडू देतो. नैतिकदृष्ट्या पूल ओलांडल्याने काय बदलले? फक्त आपल्याला ते पाहावे लागत नाही.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, प्राणी उपासमारीने किंवा तहानेने हाल भोगेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हीसुद्धा क्रूरताच मानतो. प्राण्याला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरू शकतो. आणि सजीवांविषयी कणव बाळगणे हे १९७६ पासून राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. पण आपण पोलिसाच्या भीतीने वागावे, असे मला सुचवायचे नाही. विवेकबुद्धीचा आवाज कायद्याच्या आधीचा आहे.

दुधाच्या वाटीचे काय? तीत तर प्रेम आहे! आहेच. परंतु प्रेमाला पुढचे दिसायला हवे. महात्मा गांधींनी १९२६ साली हा प्रश्न फार परखडपणे मांडला होता. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातले साठ मोकाट कुत्रे मारवले. साऱ्या गुजरातेत गदारोळ झाला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेखमाला लिहून साराभाईंची बाजू घेतली, आणि अहिंसेचे पुजारी असलेल्या गांधींवर टीकेचा वर्षाव झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : बेवारशी जनावरापुढे तुकडा टाकून पुण्य मिळवणारा समाज खरा दयाळू नव्हे. त्या जनावराची पूर्ण जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणूनच ते बेवारशी राहते.

गांधीजींचा निष्कर्ष आपण स्वीकारायलाच हवा असे नाही. त्यांच्या काळी मारणे किंवा सोसणे, एवढेच दोन पर्याय लोकांपुढे होते. पण त्यांचे निदान आजही लागू पडते. जबाबदारीशिवायची दया ही अर्धी दया आहे.

चौथा मार्ग

गेल्या काही दशकांत एक चौथा मार्ग रुळला आहे. मोकाट मांजराला पिंजऱ्यात पकडायचे, पशुवैद्याकडून त्याची नसबंदी करून घ्यायची, रेबीजची लस टोचायची, आणि बरे झाले की जिथून आणले तिथेच परत सोडायचे. शस्त्रक्रियेच्या वेळी गुंगीतच एका कानाचे टोक किंचित कापतात. ते लवकर भरून येते. पुढे लांबूनच कळते की या मांजराचे काम झालेले आहे, त्याला पुन्हा पकडण्याचा त्रास द्यायला नको.

परत तिथेच का सोडायचे, असे अनेक जण विचारतात. त्याला कारण आहे. मांजरे उगीच कुठे राहत नाहीत. जिथे अन्न आणि आडोसा आहे तिथेच राहतात. सगळी उचलून नेली, तर गोदाम रिकामे राहत नाही. आसपासची नवी मांजरे येतात, आणि त्यांची नसबंदी झालेली नसते. जुनी, नसबंदी झालेली, लस दिलेली मांजरे जागेवर राहिली, तर ती जागा धरून ठेवतात, उंदरांवर वचक ठेवतात, आणि संख्या वर्षागणिक हळूहळू उतरत जाते. बोक्यांची रात्रीची भांडणे, ओरडणे, भिंतींवर उग्र वासाची धार सोडणे हेही बरेच कमी होते. शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हा मार्ग परदेशातून आलेली फॅशन आहे, असे मानू नये. चेन्नईच्या ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ मध्येच कुत्र्यांसाठी ही कल्पना मांडली. तिथल्या महापालिकेने ती १९९६ मध्ये स्वीकारली. आपल्या मुंबईचा इतिहास तर याहून बोलका आहे. इंग्रज सरकारने मोकाट कुत्रे मारण्याचे फर्मान काढले, तेव्हा जून १८३२ मध्ये फोर्ट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली, दंगल झाली. त्यानंतरही दीडशेहून अधिक वर्षे कुत्रे मारले जात राहिले. मारून संख्या आटोक्यात आली नाही. अखेर १९९० च्या दशकात मुंबई महापालिकेने मारणे थांबवले आणि नसबंदीचा रस्ता धरला. २००१ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार मोकाट कुत्रे होते. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत ते सुमारे ९० हजार आढळले. घट मोठी नाही. पण शहर वाढत असताना कुत्रे वाढले नाहीत, हे लक्षात घ्यावे. मांजरांसाठीही मुंबईत गेल्या काही वर्षांत महापालिकेने संस्थांच्या मदतीने असाच कार्यक्रम हाती घेतला आहे.

गोव्याचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. तिथे गावोगाव कुत्र्यांना लस देणे आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवणे, असे काम वर्षानुवर्षे चिकाटीने चालले. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. प्राण्यांवर केलेली दया फिरून माणसाच्या लेकरांचे प्राण वाचवते, ती अशी. आणि रोम शहरात, आपल्या ख्रिस्तसभेच्या केंद्रस्थानी, प्राचीन अवशेषांमध्ये मांजरांच्या वसाहती आहेत. इटलीच्या १९९१ च्या कायद्याने निरोगी मोकाट मांजरांना मारणे बंद केले आणि नसबंदी करून त्यांना त्यांच्या जागी राहू देण्याची व्यवस्था लावली. तिथल्या साध्यासुध्या बायका वर्षानुवर्षे या मांजरांची देखभाल करतात.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परत सोडणे हा काही देवाचा न बदलणारा नियम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी कुत्र्यांच्या बाबतीत सांगितले की नसबंदी आणि लस झाल्यावर त्यांना मूळ जागी सोडावे, मात्र रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना सोडू नये. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून उचललेले कुत्रे पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. माणसाची सुरक्षितता आणि प्राण्यावरची दया यांचा मेळ जागा पाहून, परिस्थिती पाहून घालावा लागतो.

काही प्रामाणिक शंका

आपल्यासारख्या भाविकांच्या मनात इथे काही शंका येतात. त्या रास्त आहेत. त्यांना बगल देऊ नये.

पहिली शंका : ख्रिस्तसभा तर नसबंदीच्या विरोधात आहे. मग मांजरांची नसबंदी चालते कशी?

आपल्या देशात 'नसबंदी' हा शब्दच दुखरा आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक माणसांच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी धाकाने, आमिषाने, जबरदस्तीने झाल्या. ख्रिस्तसभा माणसाच्या बाबतीत याला विरोध करते. पोप पॉल सहावे यांच्या १९६८ च्या परिपत्रकातही ती शिकवण आहे. या विरोधाचा पाया कोणता? माणूस ही व्यक्ती आहे, देवाची प्रतिमा आहे. त्याचे शरीर आणि त्याचा विवाह ही सरकारची किंवा समाजाची मालमत्ता नव्हे. मुलांना जन्म देणे हे पतिपत्नीच्या प्रेमाचे आणि स्वातंत्र्याचे दान आहे. मांजराला ना विवाहाचा संस्कार आहे, ना निवडीचे स्वातंत्र्य. ते आपल्या सहजप्रवृत्तीने चालते. म्हणजे ज्या कारणासाठी माणसाची नसबंदी चूक ठरते, ते कारणच इथे लागू होत नाही. माणूस आणि प्राणी यांतला फरक विसरला, तर दोन्हीकडे अन्याय होतो. आणीबाणीत माणसांना जनावरांसारखे वागवले, आणि म्हणूनच ते पाप होते.

आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गोऱ्हा औताला जुंपायचा तर त्याला खच्ची करावे लागते, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पूर्वी ठेचत असत. त्या वेदनांची आठवण जुन्या माणसांना असेल. पुढे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने ते काम होऊ लागले. आपण बैल खच्ची करायला पाप मानले नाही. मात्र ठेचण्यापेक्षा कमी वेदनेची पद्धत आली, तेव्हा ती स्वीकारली. प्रश्न शस्त्रक्रिया करावी की नाही एवढाच नसतो. ती कशासाठी आणि किती काळजीने केली, हाही असतो. मांजराची शस्त्रक्रिया गुंगीचे औषध देऊन, जाणत्या पशुवैद्याच्याच हातून व्हावी. प्राण्याला आपण संमती विचारू शकत नाही. म्हणून काळजीचा सगळा भार आपल्यावरच येतो.

दुसरी शंका : देवाने प्राण्यांना 'वाढा' असा आशीर्वाद दिला आहे. तो आपण का रोखावा?

ही शंका अधिक खोल आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माशांना आणि पक्ष्यांना हा आशीर्वाद खरोखरच आहे, आणि तारवातून बाहेर पडताना सर्व प्राण्यांसाठी तो पुन्हा आला आहे. यहुदी परंपरा तर लेवीयच्या बाविसाव्या अध्यायाच्या आधारे प्राण्यांना खच्ची करणेच निषिद्ध मानते. जुन्या करारातले यज्ञबलीचे ते नियम ख्रिस्तसभा आपल्यावर बंधनकारक मानत नाही. तरी त्यामागची भावना आदराने घ्यावी. जीवनाच्या झऱ्याशी माणसाने उगीच छेडछाड करू नये.

पण गल्लीतले मांजर हे रानातल्या वाघासारखे नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली आणि रानमांजर उंदरांमागे त्याच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले होते. म्हणजे मांजराला आपल्या दारात आपल्याच कोठारांनी आणले. आपल्या उकिरड्यांनी त्यांची संख्या वाढवली. रानात अन्नाचा तुटवडा आणि शिकारी यांनी जो तोल राखला असता, तो गावात आपण मोडला आहे. मोडलेला तोल सावरणे म्हणजे देवाच्या योजनेत ढवळाढवळ करणे नव्हे, तो आपल्याच करणीचा हिशेब चुकवणे आहे. अनुवादाच्या ग्रंथात, घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत पण त्यांच्यावर बसलेल्या आईला जाऊ द्यावे, असा नियम आहे. माणसाला सृष्टीत हात घालण्याची मुभा आहे, पण त्या हाताला मर्यादा आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच दिशा दाखवली : आपण सृष्टीचे मालक नाही, राखणदार आहोत.

तिसरी शंका सर्वांत जड आहे. ज्या विदर्भात शेतकरी कर्जापायी जीव देतात, तिथे मांजरांवर पैसा घालवायचा?

ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ याबाबत दोन्ही बाजू सांगतो. प्राण्यांचे विनाकारण हाल करणे किंवा त्यांना विनाकारण मारणे माणसाला शोभत नाही, असे तो म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो की जो पैसा आधी माणसाचे दुःख दूर करायला लागला पाहिजे, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या हक्काचे प्रेम त्यांना देऊ नये. म्हणून उत्तर सरळ आहे. एका घरात लेकराचे औषध की मांजराची शस्त्रक्रिया, असा प्रश्न आला, तर लेकराचे औषध. याविषयी वाद नाही.

पण आपण खरोखर याच पेचात असतो का? बहुतेक वेळा मांजराचे नाव सांगून वाचवलेला पैसा शेतकऱ्याच्या विधवेकडे जात नाही. तो आपल्याच खिशात राहतो. आणि एक गोष्ट मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवावी. वडील पोते बांधताना मुले पाहत असतात. दुबळा जीव अडचणीचा झाला की त्याला नजरेआड करायचे, हा धडा ती फार लवकर शिकतात. उद्या त्यांच्या घरात म्हातारी आजी अडचणीची होईल, अपंग भाऊ अडचणीचा होईल. पोत्याची सवय मांजरापाशीच थांबते, याची खात्री कोण देईल?

चौथी शंका पक्ष्यांविषयी. मांजरे चिमण्या, सरडे, खारी मारतात, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियात आणि कित्येक बेटांवर त्यांनी तिथल्या प्राण्यांचा फार मोठा संहार केला आहे, आणि तिथे लोकांनी वेगळे, कठोर निर्णय घेतले आहेत. म्हणून नसबंदीनंतर नुसते खाऊ घालत राहणे आणि वसाहती वाढू देणे बरोबर नाही. संख्या कमी होत जाणे, हेच उद्दिष्ट हवे. चारपैकी एकीची शस्त्रक्रिया करून भागत नाही. उरलेल्या तिघी ती तूट भरून काढतात. एका ठिकाणच्या जवळजवळ सगळ्या मांजरांचे काम पूर्ण करावे, मगच दुसरीकडे वळावे.

आपल्या गावात काय करता येईल?

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा जुना प्रश्न इथे अक्षरशः उभा राहतो. मोठ्या शहरांतल्या सोयी रिसोडात नाहीत. तरी सुरुवात लहान करता येते.

एक गल्ली किंवा एक गोदाम निवडावे. तिथे किती मांजरे आहेत, किती भाट्या, किती पिल्ले, हे आठवडाभर पाहून वहीत लिहावे. खाणे एकाच जागी, एकाच वेळी द्यावे आणि भांडे उचलून जागा झाडून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास होत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. तिथे जमत नसेल, तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथल्या डॉक्टरांना विचारून पुढचा मार्ग शोधता येईल. डॉक्टरांची वेळ ठरल्याशिवाय मांजर पकडू नये. पकडण्यासाठी दार आपोआप पडणारा पिंजरा वापरावा. हाताने धरायला जाऊ नये. पिंजऱ्यावर कापड टाकले की घाबरलेले मांजर शांत होते. शस्त्रक्रियेआधी किती वेळ उपाशी ठेवायचे, नंतर किती दिवस सांभाळायचे, हे डॉक्टर सांगतील तसेच करावे. पिल्लांना पाजणारी भाटी उचलू नये. पिल्ले सुटी खाऊ लागेपर्यंत थांबावे. माणसाळण्याजोगी लहान पिल्ले चांगल्या घरी द्यावीत.

मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लशीसाठी जावे. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. हळद, चुना किंवा तिखट भरत बसू नये.

हे काम एका घराचे नाही. दुकानदार, अडते, मशिदीजवळचे आणि मंदिराजवळचे शेजारी, सगळ्यांना सोबत घ्यावे. ज्या मातीत संत नामदेवांच्या पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची गोष्ट सांगतात, आणि संत एकनाथांच्या तहानेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजण्याची गोष्ट सांगतात, तिथे या कामाला नाही म्हणणारे फार निघणार नाहीत.

संतांचा करार

पवित्र शास्त्रात मांजराचा उल्लेख जवळजवळ नाहीच. आपल्या कॅथलिक बायबलमधल्या बारूखच्या सहाव्या अध्यायात ते एकदाच येते. तिथे ते मूर्तींच्या अंगावर जाऊन बसते आणि त्या मूर्ती काही करू शकत नाहीत, असे सांगितले आहे. परंतु संतांच्या कथांनी ही उणीव भरून काढली आहे.

पेरू देशातल्या लीमा शहरी संत मार्टिन दे पोरेस (१५७९-१६३९) हे मठात आजाऱ्यांची सेवा करीत. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. मठातल्या कपड्यांचा उंदरांनी फडशा पाडला. सर्वांनी विष घालायचे ठरवले. तेव्हा मार्टिन यांनी एका उंदराला समजावले म्हणे, की तुम्ही सगळे बागेत जा, मी तुम्हाला तिथे रोज खायला आणून देईन. उंदीर गेले, आणि मार्टिन यांनी आपला शब्द पाळला. गुब्बिओच्या लांडग्याची कथाही अशीच आहे. संत फ्रान्सिस यांनी लांडग्याला मारले नाही आणि गावकऱ्यांना भित्रेही म्हटले नाही. त्यांनी करार घडवला. लांडग्याने कोणाला इजा करायची नाही, आणि गावाने त्याला उपाशी ठेवायचे नाही.

या कथा घडल्या तशाच घडल्या का, हा वाद बाजूला ठेवू. त्यांचा गाभा पाहावा. दोन्ही कथांत संत त्रास नाकारत नाहीत. उंदरांनी कपडे कुरतडले होते, लांडग्याने माणसे मारली होती. तरी संत विषाकडे वळत नाहीत, आणि आंधळे लाडही करीत नाहीत. दोन्ही बाजूंनी काही सोडायचे आणि काही पाळायचे, असा करार ते करतात. पिंजरा, शस्त्रक्रिया, कानाचे टोक आणि पुन्हा आपली जागा, हा त्याच कराराचा आजचा मसुदा आहे. मांजर पिल्ले सोडते. आपण पोते आणि विष सोडतो. वर त्याचे उरलेले आयुष्य सांभाळायचे, हा आपला वाटा.

योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी देव रुसलेल्या संदेष्ट्याला एक प्रश्न विचारतो. निनवे या मोठ्या शहरात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत आणि पुष्कळ जनावरेही आहेत, मग मला त्यांची कीव का येऊ नये? देवाने माणसांची संख्या सांगितली आणि जनावरांना वगळले नाही. योनाने काय उत्तर दिले, ते पुस्तकात नाही. पुस्तक तिथेच संपते. उत्तर आपल्यावर सोडलेले आहे.

प्रार्थना करू या : हे सर्व जीवांच्या निर्मात्या प्रभो, तू जे आमच्या दारी आणलेस त्याची जबाबदारी आम्हाला कळू दे. आमची दया डोळस कर. जे दुबळे आहेत आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांना नजरेआड करण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. आमेन.